चार्जरमधला तो एक डायोड

बाबांचं १२ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल अजून ठणठणीत आहे. अक्कल नव्हती ती त्याच्या चार्जरला. ट्रान्सफॉर्मर, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), रेझिस्टर, संपलं. बॅटरी भरली तरी हा आपला करंट ढकलतच राहणार. रात्री काढायला विसरलं की सकाळी बॅटरीचा पॅक इतका तापलेला की हातात धरवत नसे. एक पॅक असाच गेला.

माझ्याकडे आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानासाठी घेतलेला हॉबी चार्जर होता. तो ड्रिलच्या पॅकसारख्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्याही चार्ज करतो: पॅक भरला की व्होल्टेज किंचित घसरतं, ते ओळखून थांबतो. प्रश्न जोडायचा कसा एवढाच. मगर क्लिपा लावून पाहिल्या, एक ठिणगी उडाली, हौस फिटली. म्हणून जुन्या चार्जरची, पॅक जिच्यात बसतो ती खोबणच वापरायची ठरवली.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून जाड सिलिकॉन वायर आणि हॉबी चार्जरला जोडायच्या बनाना पिना आणल्या. (रविवारी जाऊ नका, निम्मी दुकानं बंद.) घरी आल्यावर आधी २३० व्होल्टची वायर मुळापासून कापली, म्हणजे चुकूनही कोणी प्लगमध्ये घालायला नको. खोबणीत पत्रे तीन. पॅकचा तिसरा आणि वजा यांच्यात मीटरने ९.८ किलोओहम दाखवले. पॅक पंधरा मिनिटं गॅलरीत उन्हात ठेवला तर ७ वर आले. म्हणजे थर्मिस्टर, पॅक किती तापला ते सांगणारा रेझिस्टर. त्याला हात लावला नाही.

मग आळस नडला. बोर्ड काढायचा कंटाळा, म्हणून ट्रान्सफॉर्मर जिथे जोडला होता तिथेच नव्या वायरी डाखल्या. हॉबी चार्जर म्हणाला, ‘कनेक्शन ब्रेक’, म्हणजे बॅटरी जोडलेलीच नाही. तासभर डाख तपासले. शेवटी मीटर लावला: खोबणीत १२.९ व्होल्ट, वायरींच्या टोकाला शून्य. मधला डायोड! बॅटरीचं व्होल्टेज उलटं येऊ न देणं हेच त्याचं काम, आणि हॉबी चार्जरला नेमकं तेच आधी मोजायचं असतं. बोर्ड उपटला, अधिक-वजा दोनदा तपासून वायरी थेट पत्र्यांना डाखल्या.

पॅक १२०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता), म्हणून १.२ अँपिअर लावले. करंट फार कमी ठेवला तर पॅक भरल्यावरची व्होल्टेजची ती घसरण इतकी बारीक होते की चार्जरच्या नजरेतून सुटते. थर्मिस्टर बाजूला पडल्यामुळे ९० मिनिटांची मर्यादाही घातली आणि शेजारीच खुर्ची टाकून बसलो. १०८० एमएएच गेल्यावर बीप वाजला. पॅक नुसता कोमट.

बाबांनी हात लावून पाहिला. “झालं? मग ती न्हाणीघरातली फळी लाव आता. दिवाळीपासून सांगतोय.”