सूक्ष्मदर्शकासाठी जुना कॅमेरा : तपकीर गल्ली, कॅम्प आणि जुना बाजार

माझ्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा सरळ नळीचा, खाली आरसा असलेला सूक्ष्मदर्शक आहे. पुण्यातल्या पाषाण तलावाच्या कडेवरून बाटलीत भरून आणलेल्या पाण्यातले शेवाळ त्यातून छान दिसते, पण ते दुसऱ्याला दाखवायचे तर त्याला घरीच बोलवावे लागते. म्हणून मागच्या वर्षी आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी बसणारा एक छोटा यूएसबी कॅमेरा घेऊन पाहिला. त्याचा सेन्सर हरभऱ्याच्या डाळीएवढा होता, त्यामुळे डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळातला मधला तुकडाच तेवढा संगणकावर येई. मग भाच्याचा डीएसएलआर मागून आणला, तर ४०× ऑब्जेक्टिव्हखाली (स्लाइडजवळच्या भिंगाखाली) काढलेल्या प्रत्येक फोटोत पेशींच्या भिंती दुहेरी उमटल्या. बटण दाबल्यावर कॅमेऱ्यातला आरसा उडतो, शटरचा पडदा आपटतो, आणि डोळ्याला न जाणवणारी ती थरथर पेशीबरोबरच मोठी होऊन फोटोत येते, हे समजायला मला दोन आठवडे लागले.

त्यानंतर ठरवले की स्वतःचाच एक जुना कॅमेरा घ्यायचा आणि तो या एका कामासाठीच ठेवायचा. लेन्ससह एकूण खर्चाची मर्यादा पंधरा हजार ठेवली आणि एक शनिवार-रविवार त्यासाठी राखला.

निघण्यापूर्वी एक हिशेब केला होता, तो इथे सांगतो, कारण दुकानात गेल्यावर सगळे बोलणे मेगापिक्सेलवर येते. माझ्या १०× ऑब्जेक्टिव्हवर ०.२५ हा आकडा कोरलेला आहे; भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते ते तो सांगतो. त्यावरून ते साधारण १.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दाखवू शकते. १०× आयपीसवर ५० मिमीची लेन्स धरली, की सेन्सरवरची प्रतिमा एकूण वीसपट होते, म्हणजे ते अंतर तिथे सुमारे २७ मायक्रॉन भरते. अठरा मेगापिक्सेलच्या कॅननच्या सेन्सरवर एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा असतो. जिथे दोन-तीन पिक्सेल पुरले असते, तिथे सहा मिळतात. ४०× ऑब्जेक्टिव्हला तर याहूनही कमी पिक्सेल पुरतात. तेव्हा चोवीस मेगापिक्सेलसाठी चार हजार रुपये जास्त मोजण्यात या कामापुरता काही अर्थ नाही.

अर्थ आहे तो शटर कसे सुरू होते याला. कॅननच्या ४५०डी, ५५०डी, ६००डी यांसारख्या मॉडेलांमध्ये लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट दिसणारे दृश्य) चालू असताना आरसा आधीच वर गेलेला असतो आणि शटरचा पहिला पडदाही उघडाच राहतो. फोटोची सुरुवात सेन्सर स्वतः इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतो आणि शेवटी फक्त दुसरा पडदा पडतो. सोनीच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांपैकी २०११ च्या नेक्स-५एनमध्ये ही सोय आहे. निकॉनने ती २०१४ साली डी८१० मध्ये आणली, पण तो माझ्या खिशापलीकडचा कॅमेरा आहे.

शनिवारी सकाळी नळस्टॉपला मेट्रो पकडली, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि मंडईला उतरलो. तिथून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पिशवीत माझा एक आयपीस, रिकामे मेमरी कार्ड, लॅपटॉप आणि जुन्या कॅननला लागणारी मिनी यूएसबी केबल होती. ही केबल घरूनच न्यावी, कारण आता दुकानात ती चटकन सापडत नाही. लॅपटॉपवर कॅननचे ईओएस युटिलिटी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आदल्या रात्रीच टाकून ठेवले होते. बटणाला हात न लावता लॅपटॉपवरूनच फोकस पाहता येणे आणि फोटो काढता येणे ही सोय पुढे फार उपयोगी पडते, म्हणून कॅमेऱ्याचे यूएसबी पोर्ट चालते की नाही हे विकत घेण्यापूर्वीच पाहणे आवश्यक आहे.

गल्लीतून मला केबली आणि मोबाइल चार्जरवर चालणारा एलईडी दिवा मिळाला. कॅमेऱ्यांसाठी तिथल्याच एका दुकानदाराने आसपासची दोन आणि कॅम्पातले एक अशी दुकाने सांगितली. पहिल्या दुकानातला कॅमेरा दिसायला नवाकोरा होता. मी शटरचा वेग दोन सेकंदांवर ठेवला, लाइव्ह व्ह्यू चालू केला आणि बटण दाबले, तर लगेच खाडखाड आवाज आला आणि दोन सेकंदांनी पुन्हा आला. मी तो परत ठेवला. ही चाचणी कोणालाही करता येते आणि मॉडेलांची यादी पाठ करण्यापेक्षा बरी: बटण दाबल्यावर शांतता आणि दोन सेकंदांनंतर एकच ‘टक’ ऐकू आले, तर तो कॅमेरा आपल्या कामाचा आहे.

दुसऱ्या दुकानात एक पुठ्ठ्याचा खोका पुढे आला. त्यात एका लग्नाच्या फोटोग्राफरने विकलेला ६००डी होता: पकडीचे रबर सुटलेले, फ्लॅश वर येत नसलेला, बुडाशी ट्रायपॉडने खरवडलेला.

दुकानदार म्हणाले, “सर, आधीच सांगतो, याचं ऑटोफोकस भरवशाचं नाही. नंतर परत आणू नका.”

“काका, मला ऑटोफोकस लागतच नाही. फ्लॅशही नको. त्याचे पैसे तेवढे कमी करा.”

ते हसले, पण पाचशे उतरले. त्यांनी सांगितलेल्या शटर काउंटची, म्हणजे शटर आजवर किती वेळा चालले त्या आकड्याची, खातरजमा मला करता आली नाही. निकॉन तो आकडा प्रत्येक फोटोच्या माहितीत लिहून ठेवतो, कॅननची ही मॉडेले तसे करत नाहीत. तेव्हा इथे आकड्यावर भाव ठरवू नये आणि पडदा सरळ व स्वच्छ आहे का ते डोळ्यांनी पाहावे.

खरी तपासणी सेन्सरवरच्या धुळीची. कोणतीही लेन्स लावून, तिचे छिद्र एफ/२२ इतके लहान ठेवून (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान), फोकस मुद्दाम बिघडवून दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहावा. नेहमीच्या फोटोग्राफीत धुळीचे चार ठिपके कोणाला दिसत नाहीत, पण सूक्ष्मदर्शकातून येणारा प्रकाशाचा शंकू इतका अरुंद असतो की माझ्या मांडणीत तो १०× ऑब्जेक्टिव्हला एफ/४० च्या बरोबरीचा आणि ४०× ला एफ/६० च्या आसपासचा ठरतो. त्यामुळे भिंतीवर पुसट दिसलेला ठिपका घरी काळा डाग होऊन समोर येणार हे गृहीत धरावे. या बॉडीवर तीन ठिपके होते. ब्लोअरने दोन उडाले. तिसरा राहिला तो अगदी काठाशी, म्हणून चालवून घेतला. नंतर झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो काढला आणि त्यात जळलेले रंगीत पिक्सेल फार नाहीत हे पाहिले. बॅटरी आणि चार्जरसह साडेनऊ हजार दिले.

लेन्ससाठी दुपारी कॅम्पात गेलो. एरवी सोबत येणारी १८-५५ झूम लेन्स इथे निरुपयोगी नसली तरी त्रासाची आहे, कारण तिने बहुधा कोपरे काळे पडतात. आयपीसवर १८ मिमीचे वर्तुळ दिसते. ५० मिमीच्या लेन्सने ते सेन्सरवर ३६ मिमीचे होते आणि या सेन्सरचा कर्ण सुमारे २७ मिमी असल्याने चौकट पूर्ण भरते, पण वर्तुळाचा बराच भाग कापला जातो. ४० मिमीची चपटी लेन्स मिळाली तर वर्तुळ २९ मिमीच्या आत राहून दृश्याचा आणखी मोठा भाग येतो. ती मिळाली पण परवडली नाही. ५० मिमी, एफ/१.८ जुनी तीन हजारांत घेतली. दुकानातच माझा आयपीस लेन्सपुढे धरून खिडकीकडे रोखला आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये कोपरे उजळ आहेत याची खात्री केली.

रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. ऊन चढण्यापूर्वी पोहोचलेले बरे. डिजिटल कॅमेरे तिथेही मांडलेले असतात, पण बॅटरीशिवाय. ते घेऊ नयेत. मी शोधत होतो तो कॅमेरा पेलणारा स्टँड, कारण कॅमेऱ्याचे वजन सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर टाकले की फोकस हळूहळू खाली घसरतो आणि उरलीसुरली थरथरही थेट स्लाइडपर्यंत जाते. एका ताडपत्रीवर नळाच्या तोट्यांच्या शेजारी डार्करूममधल्या जुन्या एन्लार्जरचा (फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राचा) खांब पाट्यासकट पडला होता. डोके गायब होते, पण वर-खाली सरकणारी मूठ घट्ट बसत होती.

“दादा, नुसतं लोखंड आहे हे.”

“लोखंडाचाच भाव सांगतोय, साहेब. किलोवर घालू का?”

सहाशेवर सौदा झाला आणि तो खांब मांडीवर आडवा धरून रिक्षाने घरी आणला. पट्टी आणि पाव इंची बोल्ट लावून कॅमेरा त्यावर तोंड खाली करून बसवला.

मांडणीबद्दल थोडे. लेन्स अनंतावर आणि एफ/१.८ वर ठेवावी, फोकस फक्त सूक्ष्मदर्शकाच्या बारीक स्क्रूने करावा. लेन्स आयपीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, मात्र टेकू देऊ नये. मधल्या फटीवर मी काळ्या मोज्याचा कापलेला पाय चढवला आहे. पहिल्या संध्याकाळी घरातल्या विजेवर चालणारा एलईडी बल्ब आरशाखाली ठेवला, तेव्हा फोटोत आडव्या काळसर पट्ट्या आल्या, कारण असा बल्ब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. चार्जरवरचा दिवा पॉवर बँकेला जोडल्यावर पट्ट्या गेल्या.

मग स्पायरोगायराचा धागा ४०× खाली घेतला, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा केला आणि लॅपटॉपवरून बटण दाबले. हिरव्या पट्टीची वळणे पेशीच्या भिंतीला आतून टेकलेली दिसली आणि ती भिंत या वेळी एकच होती. वरच्या उजव्या कोपऱ्यात तो तिसरा ठिपका आहे. तो मी सध्या कापून टाकतो.