फॉरमॅट करू का?

लग्नातल्या फोटोग्राफरला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. पहिला, ‘जेवलासा काय ओ?’ आणि दुसरा, त्याचा हात कॅमेऱ्याच्या बाजूच्या झाकणाकडे गेलेला दिसला की, ‘काय झालं?’ या दुसऱ्याला खरं उत्तर देऊ नये. ‘बॅटरी बदलतोय’ म्हणावं. बॅटरी सगळ्यांना कळते. ‘कार्ड एरर’ म्हटलं की मात्र नवरीच्या मामापासून वाजंत्र्यांपर्यंत सगळे आत डोकावायला लागतात, आणि आमच्या बेळगावकडे ते दोन भाषांतून डोकावतात. नवरा खानापूरचा, नवरी बैलहोंगलची असली तर इकडून ‘फोटो गेले काय?’ आणि तिकडून ‘एनायतु री?’ मधे आपण उभे, चिमटीत ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद, जेमतेम दोन ग्रॅमचं मेमरी कार्ड धरून.

मग घोळक्यातून एखादा कॉलेजातला पोरगा पुढे येतो. ‘अण्णा, फॉरमॅट मारा की. होतंय लगेच.’ फॉरमॅट म्हणजे कार्ड नव्याने कोरं करून घेणं. पोराचा दोष नाही. कॅमेराही स्क्रीनवर बहुतेक वेळा तेच सुचवतो. तेच कार्ड घाबरत घाबरत लॅपटॉपला लावलं की विंडोजही म्हणतो, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा. आणि उत्तराचं बटण अगदी बोटाखाली ठेवतो. तिघांचं असं एकमत होतं तेव्हा मला भीती वाटते. कार्ड पुन्हा चालतं व्हावं एवढीच इच्छा असेल तर तिघंही बरोबर आहेत. आत मंगलाष्टकं असतील तर तिघांपैकी एकाचंही ऐकायचं नसतं.

कारण एरर जेवढं सांगते त्यापेक्षा आपण फार जास्त ऐकतो. कॅननच्या जुन्या कॅमेरा-बॉडीवर ‘एरर ०२’ येते, निकॉनवर ‘सीएचए’ ही अक्षरं लुकलुकतात. अर्थ एवढाच, की कॅमेऱ्याचं कार्डाशी जमेना. बिघाड कार्डात आहे, स्लॉटात आहे की कार्डावरच्या नोंदींत, ते कॅमेऱ्यालाही कळलेलं नसतं. (निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत मेनू चक्क मराठीत लावता येतो. आमच्याकडे तो कुणी लावलेला मी पाहिला नाही. हाताखालचा पोरगा गोकाकचा असतो, त्याला मराठी बोलता येतं पण वाचायला वेळ लागतो. मग दोघांच्या मधे इंग्रजी मेनूच राहतो.)

कॅमेरा बंद करावा, पण कार्डाचं काम चालू असल्याचं दाखवणारा दिवा विझल्यावरच. तो लुकलुकत असतो तोवर कॅमेरा आपल्या तात्पुरत्या साठ्यातले फोटो कार्डावर उतरवत असतो, आणि त्या क्षणी झाकण उघडणं हेच कितीतरी एररचं मूळ असतं. मग कार्ड काढून कडेचा लॉक बघावा. हा लॉक म्हणजे एक गंमतच आहे. तो कार्डाच्या आत कशालाही जोडलेला नसतो. नुसता प्लास्टिकचा खिट्टा. तो वर आहे की खाली हे स्लॉटातली कळ चाचपून ठरवते. जुना होऊन खिट्टा सैल पडला की कार्ड आत सरकवतानाच खाली घसरतो आणि कॅमेरा म्हणतो, कार्ड लॉक आहे. तुटून पडला तरी तेच. त्या खाचेवर चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावला की कार्यक्रम निभावतो, आणि चिकटपट्टी आहेर लिहून घेणाऱ्या काकांकडे असतेच. हजारो रुपयांचं कार्ड काकांच्या चिकटपट्टीवर चालतं, हे मात्र कुणाला सांगत बसू नये.

पूर्वीच्या जाड सीएफ, म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश, कार्डांना ही भानगड नव्हती, दुसरी होती. त्यांच्या ५० पिना कॅमेऱ्याच्या आत असायच्या. कार्ड तिरकं दाबलं की एखादी वाकायची, आणि मग कार्ड बदलून काही होत नसे, कॅमेराच दुरुस्तीला जायचा. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी. हेच कार्ड दुसऱ्या बॉडीत घालावं, दुसरं कार्ड या बॉडीत. आमच्याकडे आणखी एक संशयित कायम हजर असतो, तो म्हणजे पाऊस. जांबोटी-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर बॅगेतली कापडंसुद्धा सर्द असतात. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल आणि मळ बसला की एरर यायला तेवढं पुरतं. कोरड्या मऊ कापडाने पुसावं. फुंकर मारू नये, तोंडाची वाफ जाते.

समजा, एवढं करून कार्ड बोललं नाही. तरी फोटो गेले असं नसतं. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे पटकन कळतं, कारण त्याने जमिनीचे उतारे पाहिलेले असतात. उताऱ्यावरून नाव उडालं म्हणून शेत जागचं हलत नाही. ऊस तिथेच उभा असतो. कार्डावरही कोणता फोटो कुठे ठेवलाय याची एक नोंदवही असते. फोटो पुसला तर त्या नोंदीवर फक्त खूण होते, की ही जागा मोकळी समजा. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांत ही खूण फाइलच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरच होते. कॅमेऱ्यात साधं फॉरमॅट केलं तरी नोंदवही नवी येते, शेत बहुतेक तसंच राहतं. धोका पुढे आहे. त्या मोकळ्या समजलेल्या जागेत नवा फोटो पेरला की खालचा कायमचा गेला. म्हणून एरर आली की त्या कार्डावर एकही फोटो काढायचा नाही. काढून खिशात, दुसरं कार्ड आत. मांडवात सगळे तोंडाकडे बघत असताना काही न करता कार्ड खिशात घालणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड कसब, असं माझं मत झालंय.

रिकव्हरी रात्री घरी बसून करायची. ‘फोटोरेक’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर नोंदवहीकडे बघतच नाही, ते सरळ कार्ड चाळत सुटतं. प्रत्येक जेपेग फाइलची, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलची, सुरुवात ठरलेली असते, एफएफ आणि डी८ या दोन बाइटांनी. ती दिसली की तिथे फोटो आहे असं धरून तो उचलायचा. उचललेलं मात्र लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवायचं, त्याच कार्डावर कधीही नाही. नावं जातात, सगळ्यांना नुसते आकडे मिळतात. तारीख आणि वेळ फोटोच्या पोटात असते, ती वाचते.

आणि मग खरी मजा सुरू होते. निपाणीच्या एका मित्राचं कार्ड असं चाळायला बसलो होतो. हळद आली, अक्षता आल्या, आणि त्यांच्यामागून एक अनोळखी जावळ आलं. मग शिवजयंतीच्या मिरवणुकीतला चित्ररथ, मग कुठल्यातरी हायस्कूलचं गॅदरिंग. दर वेळी फॉरमॅट मारून ‘रिकामं’ केलेलं कार्ड जुन्यातलं बरंच काही धरून बसलेलं. मित्र आधी हसला, मग त्याच्या डोक्यात आलं की आपण जुनी कार्डं स्वस्तात विकतो, ती ही अशीच. हसणं थांबलं. विकायच्या कार्डाला लो लेव्हल फॉरमॅट मारावा, म्हणजे नुसती नोंदवही नव्हे, खालचं शेतही पुसलं जातं; कॅननच्या बऱ्याच बॉडींत तशी सोय आहे.

जे परत येत नाही त्याचं काय? हार पुन्हा घालायला लावता येतात. रिळाच्या काळापासून फोटोग्राफर तेच करत आलेत, भटजीही कुरकुर करत थांबतात. पाठवणी पुन्हा करायला लावता येत नाही. म्हणून दोन स्लॉटांची बॉडी घ्यावी, आणि दुसरा स्लॉट ‘बॅकअप’वर ठेवावा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडे जातो. बरेच जण तो ‘ओव्हरफ्लो’वर ठेवतात, पहिलं भरलं की दुसरं, आणि दोन कार्डं आहेत म्हणून निर्धास्त फिरतात.

राहता राहिलं ते एरर दिलेलं कार्ड. फॉरमॅट केल्यावर ते पुन्हा शहाण्यासारखं चालतं, आणि यावर माझा आणि भागीदाराचा वाद ठरलेला. तो म्हणतो, चालतंय की, टाकायचं कशाला? मी म्हणतो, लग्नात नाही. तडजोड अशी, की अशी कार्डं येळ्ळूरच्या राजहंसगडावर पावसाळी धुकं टिपायला जातात. एखादं धुकं गेलं तर बिघडत नाही, पाच मिनिटांत दुसरं येतं. भागीदार त्यातलं एक परवा गुपचूप साखरपुड्याला घेऊन निघाला होता. मी बॅगेतून काढून घेतलं.