दोन हजारांत वायरचा इअरफोन घ्यायचा तर

नवा इअरफोन कानात घातला, गाणं लावलं, तबल्याची चाट खणखणीत ऐकू आली पण डग्गा मात्र गायब, असं झालं की आपण इअरफोनला नावं ठेवतो. बहुतेक वेळा दोष इअरफोनचा नसतो, त्याच्या टोकावरच्या रबराचा असतो. म्हणून खरेदीबद्दल बोलण्याआधी रबराबद्दल बोलू. दोन हजारांच्या आतल्या इअरफोनमध्ये आवाज बिघडण्याचं याहून मोठं कारण मला तरी माहीत नाही.

कानाची नळी साधारण २५ मिलीमीटर लांब आणि ७ मिलीमीटर रुंद असते. कानात बसणारा इअरफोन तिचं तोंड बंद करतो आणि आत अडकलेल्या हवेच्या छोट्याशा कप्प्यावर त्याचा पडदा, म्हणजे थरथरून आवाज काढणारी पातळ चकती, दाब देतो. कप्पा बंद असेल तर पडद्याची इवलीशी हालचालही खर्जाला पुरते. रबराच्या कडेने केसाएवढी फट राहिली तरी खर्जाचा दाब तिथून निसटतो. वरचे स्वर निसटत नाहीत, त्यामुळे आवाज पातळ आणि टोचरा होतो. डग्ग्याचा ‘गे’, पखवाजाचा ‘धा’, बेस गिटार हे आधी जातात. चाट, झांज आणि गाणाऱ्याचे ‘स’, ‘श’ तेवढे शिल्लक राहतात.

फट आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. खर्ज असलेलं गाणं लावा आणि दोन्ही इअरफोन बोटाने अगदी हलके आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला आणि सोडल्यावर गेला, तर रबर बसलेलं नाही. दुसरी खूण म्हणजे गाणं बंद करून मोठ्याने दोन शब्द बोलायचे. स्वतःचा आवाज दोन्ही कानांत सारखाच घुमला पाहिजे. एकाच कानात घुमत असेल तर दुसरीकडे गळती आहे.

घालायची पद्धतही महत्त्वाची आहे. डाव्या कानात घालताना उजवा हात डोक्यामागून आणून कानाच्या पाळीची वरची कड धरून वर आणि मागे ओढा. त्याने नळी सरळ होते. मग इअरफोन आत सरकवून पाव वळसा फिरवा आणि पाळी सोडा. पाळी न ओढता नुसतं ढकललं तर रबर तोंडाशीच चुरगळतं.

खोक्यात बहुधा लहान, मध्यम, मोठं अशा तीन मापांच्या जोड्या येतात आणि मध्यम आधीच चढवलेली असते. ती कधी बदलूनच न पाहणारे खूप जण आहेत. तिन्ही मापं दोन्ही कानांत वेगवेगळी तपासा. डाव्या आणि उजव्या कानाच्या नळ्या सारख्या असतीलच असं नाही, एकीकडे मध्यम आणि दुसरीकडे लहान चढवायला काहीच हरकत नाही. माप चुकलंय हे दुखण्यावरूनही कळतं. अर्ध्या तासात नळीच्या तोंडाशी हुळहुळायला लागलं तर रबर मोठं आहे. बोलताना, जेवताना जबडा हलला की इअरफोन सुटत असेल तर ते लहान आहे, किंवा पुरेसं आत गेलेलं नाही. तिन्ही मापं जमत नसतील तर वेगळ्या आकाराची रबरं घ्यावीत. भोक अरुंद असलेलं रबर वरचे स्वर थोडे मऊ करतं, रुंद भोकाचं ते मोकळे ठेवतं. फोमची टोपी बोटांत दाबून बारीक करायची, कानात घालायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. बाहेरचा आवाज ती सर्वांत चांगला अडवते, पण घामाने आणि मळाने काही महिन्यांत निकामी होते. माझा हिशेब असा: बजेट दोन हजारांचं असेल तर इअरफोन सतराशेच्या आत बघावा आणि तीनशे रुपये रबरांसाठी राखून ठेवावेत.

आता खरेदी. या बजेटमध्ये माझा कौल वायरवाल्यालाच आहे, आणि कारण साधं आहे. बिनवायरच्या दीड-दोन हजारांत ब्लूटूथची चिप, तीन बॅटऱ्या, चार्जिंगची डबी आणि माइक एवढं सगळं बसवावं लागतं. आवाज काढणाऱ्या भागावर खर्च करायला फार थोडं उरतं. शिवाय कानातल्या बॅटऱ्या इवल्याशा असतात. दोन-तीन वर्षांत त्यांचा दम संपतो आणि त्या बदलता येत नाहीत. वायरवाल्यात सगळा पैसा पडदा, कवच आणि वायर यांवर जातो. लोकलच्या गर्दीत उभं राहून रोज दोन तास प्रवास असेल, तर मात्र वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकणार हे नक्की. तिथे गळ्यातला नेकबँड घेणंच शहाणपणाचं.

किंमत वाढली की आवाज त्याच मापात सुधारतो, हा समज सोडून द्यावा. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं तपासून २०१७ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यात कानात बसणारेही होते. कुठला हेडफोन कोणते स्वर किती मोठे वाजवतो आणि तो कितीला विकला जातो, यांच्यात त्याला काहीच संबंध सापडला नाही. ज्याच्या दोन हजारांच्या बजेटमध्ये मनासारखं काही बसत नाही, त्याने हे ध्यानात ठेवावं.

मग इअरफोन चांगला कशावरून म्हणायचा? मोकळ्या कानाच्या नळीत ३,००० हर्ट्झच्या आसपास एक नैसर्गिक घुमारा असतो. बासरीच्या नळीत हवा घुमते तसाच. नळीचं तोंड बंद केलं की तो जातो, म्हणून इअरफोनला तो स्वतःच्या आवाजात परत घालावा लागतो. कमी घातला तर गाणारा पडद्याआड गेल्यासारखा वाटतो, जास्त घातला तर तार सप्तक किंचाळतं. हा घुमारा किती असावा आणि खर्ज किती उचलावा, यावर ध्वनी-उपकरणं बनवणाऱ्या हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ऐकवून ऐकवून एक आलेख बेतला. आजचे बरेच स्वस्त चिनी इअरफोन त्याच्या आसपास जुळवलेले असतात. जुन्या स्वस्त इअरफोनचा ढब्ब खर्ज त्यामुळेच मागे पडला.

या बजेटमध्ये बघण्यासारखे चार सांगतो. किमती सेलमध्ये खालीवर होतात, म्हणून अंदाज धरा. केझेडचा ईडीएक्स प्रो हजाराच्या आसपास मिळतो. खर्ज भरपूर, वरचे स्वर जरा धारदार. व्यायाम करताना किंवा ढोल-ताशा, हिप-हॉप ऐकायला चांगला. तांगझूचा वान-एर पंधराशे ते दोन हजारांत येतो. त्याचा आवाज मऊ आहे, तासन् तास ऐकलं तरी कान थकत नाही. ख्याल, भावगीतं, पॉडकास्ट यांसाठी या चारांत मी तोच निवडेन. मूनड्रॉपचा चू २ त्याच टप्प्यात. धातूचं छोटं कवच, स्पष्ट मधले स्वर, आणि टोकाची जाळी असलेला भाग आटे फिरवून बदलता येतो. ही सोय या किमतीत मोठीच आहे, कारण पुढे सांगतो. सेव्हन हर्ट्झचा झीरो २ दोन हजारांच्या जरा वर जातो. खर्ज आणि स्पष्टता यांचा मेळ चांगला, पण कानात जाणारी नळी जाड आहे, बारीक कानाला टोचू शकते. चारही जणांत प्रत्येक कानाला एकच १० मिलीमीटरचा पडदा आहे आणि चारांचीही वायर सुटी होते.

एकच पडदा म्हणजे कमअस्सल नव्हे. दीड हजारात चार-चार पडदे कोंबलेले इअरफोन मिळतात. वेगवेगळ्या पडद्यांचे स्वर एकमेकांत नीट मिसळणं हे कठीण काम, त्यापेक्षा एक नीट जुळवलेला पडदा परवडतो. ‘हाय-रेस’चा सोनेरी शिक्का ४०,००० हर्ट्झपर्यंतच्या क्षमतेबद्दल बोलतो. माणसाचा कान तरुणपणीही २०,००० च्या वर जात नाही. शिक्क्यासाठी शंभर रुपयेही जास्त देऊ नका.

खोक्यावरच्या आकड्यांत एक घोळ नेहमी होतो. एकावर संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा वाजतो ते, १०८ डेसिबल लिहिलेली असते, दुसऱ्यावर १०२, आणि पहिला मोठ्याने वाजेल असं आपण धरतो. आकड्याच्या पुढे काय आहे ते वाचा. एक आकडा दर व्होल्टला असतो, दुसरा दर मिलिवॅटला. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. ३२ ओहमच्या इअरफोनला मिलिवॅटच्या आकड्यात १५ मिळवले की व्होल्टचा आकडा येतो, १६ ओहमला १८ मिळवायचे. म्हणजे ३२ ओहम आणि दर व्होल्टला १०८ वाला खरं तर दर मिलिवॅटला ९३ चाच आहे, दर मिलिवॅटला १०२ वाल्यापेक्षा बराच हळू. फोनवर दोन्ही चालतील, पण पहिल्याला आवाज दोन-चार घरं वर न्यावा लागेल.

फोनला इअरफोनचं भोक नसेल तर डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावायचा छोटा तुकडा, लागतं, ते बजेटमध्ये धरा. बाजारात दिसायला सारखीच दोन प्रकारची डोंगल असतात. एक नुसती जोडणी असते, ती फक्त मोजक्या फोनांवर चालते. दुसऱ्यात डीएसी, म्हणजे डिजिटलचा आवाज करणारी चिप असते, आणि घ्यायचं ते हेच. पाकिटावर डीएसी शब्द नसेल तर सोडून द्या. ऑफिसचे कॉल आणि ऑनलाइन क्लास असतील तर माइकवाला प्रकार घ्या, शंभर-दोनशे रुपयांचाच फरक असतो. नंतर माइकची वायर वेगळी घ्यायची तर त्याहून जास्त पडतात.

ऑनलाइन घेताना परतीचा नियम आधी वाचा. कानात घालायच्या वस्तू बरेच विक्रेते परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात. म्हणजे आवाज आवडला नाही हे कारण चालत नाही, बिघाड दाखवावा लागतो. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल असायला हवं, नसेल तर वॉरंटीची आशा नको. आल्या आल्या चाचणी करा. आधी एकाच माणसाचा बोलण्याचा आवाज लावा. तो बरोबर डोक्याच्या मधोमध यायला हवा, एका बाजूला झुकला तर डावं-उजवं सारखं नाही. मग तानपुरा. जवारीचा झणत्कार सलग, रेशमासारखा यावा, त्यात खरखर नको. मग डग्ग्याचा मींड घेतलेला ‘गे’. तो खाली सरकताना शेवटपर्यंत ऐकू यावा.

वापरात सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे एक बाजू हळू झाली. आधी दोन्ही बाजूंची रबरं काढून जाळ्या उजेडात बघा. जाळीवर पिवळसर थर किंवा दमटपणाची चमक दिसली तर कारण सापडलं. टोक जमिनीकडे करून मऊ, कोरड्या टूथब्रशने झटका, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. सुई अजिबात घालू नका, जाळीमागचा पडदा फाटतो. दमटपणा असेल तर नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत बंद डबीत रात्रभर ठेवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ही डबी इअरफोनची रोजचीच जागा असू द्या. तरी फरक पडला नाही तर डावी-उजवी वायर अदलाबदल करून लावा. दोष वायरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर वायर बदला. त्याच बाजूला राहिला तर जाळी किंवा पडदा. जाळी बदलता येणारा इअरफोन इथे वाचतो, बाकीच्यांचं आयुष्य बहुधा इथेच संपतं.

वायर काढताना दोरीला नव्हे, प्लास्टिकच्या बोंडाला धरून सरळ ओढा. ०.७८ मिलीमीटरच्या दोन पिना वाकड्या ओढल्या की वाकतात, आणि सरळ करताना तुटतात. नवी वायर घेताना हेच माप बघा. केझेडच्या पिना वेगळ्या टोपीत असतात, त्यांची वायर वेगळी मागावी लागते. वायर बदलल्यावर आवाज पोकळ झाला, गाणारा मधोमध न राहता दोन्हीकडे पसरला, तर एका बाजूची पिन उलटी बसली आहे. काढून फिरवून लावा.

वायर शेवटी तुटते ती बहुधा जॅकपाशी. फोनला पिन लावलेली ठेवून वायर फोनभोवती गुंडाळली की तिथेच रोज तीच घडी पडते. नव्या वायरचे दोनतीनशे वाचवायचे असतील तर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटा ३.५ मिलीमीटरचा जॅक मिळतो. आतल्या तारांवर रंगीत इन्सुलेशनचा पातळ थर असतो. गरम सोल्डरच्या थेंबात तारेचं टोक दोन-तीन सेकंद धरून तो जाळला नाही तर सोल्डर चिकटत नाही, आणि चिकटल्यासारखं दिसलं तरी आवाज येत-जात राहतो. लाल तार बहुधा उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची दोन्ही बाजूंना सामाईक. जॅकच्या टोकाला डावी, पहिल्या कड्याला उजवी. माइकवाल्या जॅकला त्यापुढच्या कड्याला सामाईक आणि अगदी बुडाला माइक. सोल्डर करण्याआधी जॅकचं झाकण वायरीत ओवून घ्या.