कोणाचा बेसूर सोसेल?

मुलाला कोणत्या वाद्याच्या क्लासला घालायचं, हा विषय घरात निघाला की पहिलं मत मुलाचं नसतंच. बाबांची गिटार शिकायची राहून गेलेली असते, आजीला घरात पेटी वाजायला हवी असते, आणि आईला एवढंच वाटतं की शेजारी भांडायला येऊ नयेत. मूल ताट बडवत असेल तर ‘हा तबलजीच होणार’ असा निकालही लागतो. त्याला नुसती भूक लागलेली असू शकते.

माझ्या मते आधी अंगकाठी बघावी. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दात पडत असतात. त्याच्या ओठांना ट्रम्पेट कसा पेलणार? लांब बासरीची भोकं इवल्या बोटांनी नीट झाकली जात नाहीत, आणि जरा फट राहिली की सुराऐवजी नुसती फुसफुस. व्हायोलिनची मात्र मापं मिळतात: पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव, थेट १/१६ पर्यंत. खांद्यावर धरून डावा हात लांब केला, वाद्याचं टोक तळव्यात आलं आणि कोपर किंचित वाकलेलं राहिलं, की माप जमलं. वाढत्या अंगाचा शर्ट घेतो तसं मोठं व्हायोलिन घेतलं, तर मान-खांदे दुखतात आणि मूल आळशी ठरतं.

माप जमलं तरी खरी परीक्षा पुढेच असते. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी कोणतीही पहिल्याच दिवशी दाबा, वाद्य सुरात लावलेलं असेल तर सूर बरोबरच येतो. व्हायोलिनला गिटारसारखे बोटाची जागा दाखवणारे पडदे नाहीत. बोट तसूभर सरकलं की बेसूर, तारांवर फिरवायचा गज तिरका गेला की किंचाळी, आणि हे बरेच महिने चालतं. काही मुलांचे कान इतके तिखट, की स्वतःचाच बेसूर ऐकून रडकुंडीला येतात. त्यांना आधी पेटी किंवा पियानो बरा. काही त्या किंचाळीवरच खूश होऊन ती पुन्हा काढून बघतात. व्हायोलिन यांना खुशाल द्यावं, आपल्या कानांचं बघता येईल.

म्हणून दोन-चार वाद्यं हाताळू द्यावीत, आणि आपण ‘आवडलं का, आवडलं का’ करत मागे उभं राहू नये. खाली ठेवलेलं वाद्य मुलाने न सांगता पुन्हा उचललं, तर ते भाड्याने घरी आणावं. विकत घ्यायची घाई नको, वाढत्या हाताला लवकरच पुढचं माप लागतं.