हातचा न घेणारी संख्या

पाठकोरा कागद दिसला की त्यावर गुणाकार मांडायची मला खोड आहे. त्यातला सर्वांत लाडका म्हणजे नऊ एक्क्यांना, म्हणजे १११११११११ ला, नऊ एक्क्यांनीच गुणणं. पाढे विसरलेले असले तरी अडत नाही, एके एक एवढंच लागतं. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. कागद आडवा धरावा, नाहीतर शेवटच्या ओळी समासात घुसतात. मग उजवीकडून बेरीज. पहिल्या घरात एक एक्का, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चढत चढत मधोमध नऊ, आणि तिथून उतरण.

१२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंक. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातल्या एकं-दहं स्थानांच्या यादीत हिचं घर 'मध्य', म्हणजे परार्धाच्या एकच पायरी अलीकडे.

एक्क्यांच्या अशा वर्गांना 'वंडरफुल डेम्लो' संख्या म्हटलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, देवळालीला शाळामास्तर. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे ते लोकांना ठाऊक आहेत, आणि परदेशात तर १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा कुठे त्यांचं नाव झालं. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. आज सकाळच्या फास्ट लोकलसाठी तिथे उभ्या असलेल्या माणसाला वर्गसंख्या सुचणं अवघड आहे. दारात पाय टेकायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

आता हिचे अवयव. मोठी संयुक्त संख्या फोडणं किती जिकिरीचं असतं, यावर आरएसए नावाची, संदेश गुप्त ठेवायची अख्खी कुलूपपद्धत उभी आहे. तिथे सहाशेहून जास्त अंकांच्या संख्या वापरतात. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार चुटकीसरशी होतो, पण नुसत्या उत्तरावरून त्या दोघी शोधायच्या म्हटलं तर कॉम्प्युटरही हात टेकतात. आमची डेम्लो या कामाला अगदीच कुचकामी, पोटात काही ठेवणारी नव्हेच. नऊ एक्के म्हणजे १११ गुणिले १००१००१, हे नुसतं बघूनही कळतं. १११ म्हणजे तीन सदतीसे, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. हा ३३३६६७ मात्र मूळ निघतो, पुढे फुटत नाही. वर्ग केल्यावर सगळे दुप्पट: ३ चारदा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. एकूण विभाजक ४५. शिवाय हीच संख्या १२३४५६७९ ला नऊ नव्वांनी, म्हणजे ९९९९९९९९९ नी, गुणूनही मिळते. पहिल्या संख्येत आठ नाही, नीट बघा, छपाईची चूक नव्हे. गुणाकारानंतर तो आठ एकदा सोडून दोनदा हजर.

पण मला खरी गंमत वाटते ती अंकांच्या बेरजेची. ती येते ८१. का, तर कागदावर नऊ ओळींत नऊ-नऊ मिळून ८१ एक्केच तर मांडले होते. बेरजेत कुठल्याच घरात नऊच्या वर काही गेलं नाही, हातचा घ्यावाच लागला नाही, म्हणून एकही एक्का हरवला नाही. संख्येचं सगळं देखणेपण या एवढ्याशा गोष्टीवर टिकून आहे.

दहा एक्के घेऊन बघा. मधल्या घरात दहा होतात. शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो, तिथल्या नवाचे दहा करतो, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो आठावर जाऊन बसतो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी उतरण जशीच्या तशी, डावा चढ मात्र ढासळलेला, आणि आठ तिथूनही गायब. दहाच्या जागी शून्य लिहून शेजारी एक द्यायचा, म्हणजे दर हातच्याला नऊचा तोटा. कागदावर शंभर एक्के मांडले होते, अंकांची बेरीज भरते ८२. दोन हातच्यांनी अठरा खाल्ले.