लग्नपत्रिकेची जाडी

गणपती तोंडावर आले की मालवणातल्या माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सगळीकडे पेट्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाचा सूर चिकटलेला, कुणाच्या पेटीत वर्षभरात उंदराने संसार थाटलेला. भजनी मंडळांच्या बाऱ्या ठरलेल्या असतात आणि प्रत्येकाला आपली पेटी उद्याच्या उद्या हवी असते. अशा दिवसांत कुणी गिटार घेऊन आला तर मी सरळ चतुर्थीनंतर या म्हणून सांगतो.

मागच्या श्रावणात देवबागचे एक काका आपल्या मुलाबरोबर आले, त्यांना तसं सांगता आलं नाही. गिटार नवी कोरी, मुलाने मुंबईहून ऑनलाइन मागवलेली, आणि परत करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ठेवायची की पाठवायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पाऊस असा लागला होता की त्यांना परत पाठवणंही बरं दिसलं नसतं.

काका मुंबईत गोदीत नोकरीला होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवायचे. वाद्य कलकत्त्याचं, पोकळ अंगाचं, त्याला वरून पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग, बसवून घेतलेला. निवृत्तीनंतर गावी आल्यावर ती गिटार माळ्यावर गेली आणि दोन-चार पावसाळ्यांत तिचा नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, धनुष्यासारखा वाकला. मग मुलाने वडिलांसाठी ही आणली. झकपक, निळी, नेक एकदम सडपातळ.

"झीलान हौसेन घेतल्यान," काका म्हणाले, "पण पाच मिंटा वाजवलंय काय आंगठ्याच्या मुळात कळ येता. मगे दोन दिवस चायचो पेलोसुदीक धरूक गावणा नाय."

डावा हात पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, हाड थोडं वर आलेलं. तिथल्या सांध्याची झीज झालीय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शिवाय करंगळीवर जुना आडवा व्रण. नारळ फोडताना कोयता लागून आतली शीर तुटलेली, त्यामुळे करंगळीचं शेवटचं पेर वळत नव्हतं. म्हणजे दुखणी दोन, आणि दोघांची कारणं वेगळी.

मुलगा अभ्यास करून आला होता. दुखऱ्या हाताला पातळ नेक सोपा, असं त्याने सगळीकडे वाचलेलं. त्याने ब्लॅक सॅबाथ या बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीचं उदाहरणही दिलं. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे सूर दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा खालच्या सुरात उतरवून वाजवू लागला. गोष्ट खरी आहे आणि मलाही आवडते. पण आयोमीचा प्रश्न बोटांच्या टोकांचा होता, तारेचा ताण कमी झाल्यावर तो बराचसा सुटला. काकांचं दुखणं नेकच्या मागच्या बाजूला होतं, जिथे तार पोचतच नाही.

तरी सुरुवात तारांपासूनच केली. नेकला दोष द्यायच्या आधी बाकीचे संशयित बाजूला काढावे लागतात. नव्या स्वस्त गिटारींत बहुतेक वेळा खरा गुन्हेगार असतो नट, म्हणजे वरच्या टोकाची तारा बसवायची खाचांची पट्टी. खाचा उथळ ठेवून गिटारी कारखान्याबाहेर पडतात, आणि मग पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) एफ कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायच्या सुरांचा जुडगा, धरताना गडी घामाघूम होतो. तपासायची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटपाशी दाबायची आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते बघायचं. जेमतेम कागद सरकला पाहिजे. इथे माझं व्हिजिटिंग कार्ड आरामात आरपार गेलं.

खाचा कानशीने उतरवल्या. नेक पावसाळी हवेने थोडा पुढे झुकला होता, म्हणून ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला, पाव फेरा दिला. दहाच्या तारा काढून नऊच्या लावल्या. हा आकडा म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. आकडा एकानेच उतरतो, पण ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारांच्या गिटारीवर पहिल्या तारेचा ताण साधारण ७.३ किलोवरून ५.९ किलोवर येतो. पाचवा हिस्सा वजन गेलं. मुलाचा चेहरा उजळला.

काकांनी एफ धरला. आवाज स्वच्छ आला. आणि अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

मी तो अंगठाच बघत बसलो होतो. पहिल्या फ्रेटपाशी नेक १९ मिलिमीटर जाड. इतक्या पातळ नेकला तळवा लागतच नाही, मध्ये पोकळी राहते. मग सगळा भार अंगठ्याचं टोक आणि समोरची बोटं यांच्या चिमटीवर येतो. काकांच्या अंगठ्याचं वरचं पेर उलट्या बाजूला वाकलं होतं, आणि चिमटीत जितका जोर लावावा त्याच्या कित्येक पट दाब अंगठ्याच्या बुडातल्या सांध्यावर पडतो. झिजलेला सांधा कळ मारणार नाही तर काय करणार. संधिवाताच्या माणसाला हाताचे थेरपिस्ट जाड मुठीचा चमचा, जाड मुठीचा ब्रश वापरायला सांगतात, ते याचसाठी. गिटारवाल्यांच्या जगात मात्र पातळ म्हणजे सोपं हे समीकरण घट्ट बसलंय. वेगात सोलो वाजवणाऱ्या पोरांसाठी केलेले नेक ते. अडुसष्ट वर्षांच्या रिदमवाल्याला त्या वेगाशी काय देणंघेणं?

मोडीत निघालेल्या गिटारींचे नेक मी फेकत नाही, मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवतो. त्यातले तीन काढले. "काकानू, डोळे मिटा. वाजवू नकात, नुसतो हात ठेवा."

एक नेक पाठीला कणा असलेला, इंग्रजी व्हीच्या आकाराचा. अंगठा वरून आणून सहावी तार दाबणाऱ्यांना तो आवडतो. काकांनी लगेच हात काढून घेतला, कणा नेमका दुखऱ्या जागी रुतत होता. दुसरा पातळ आणि पाठीला सपाट, त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. तिसरा गोल, भरदार. त्यावर हात ठेवला आणि खांदा खाली आला. अंगठा आपोआप आडवा झाला, टोकाऐवजी पूर्ण पेर टेकलं आणि तळव्याचा मांसल भाग नेकच्या पाठीला लागला.

"हां. ह्यो दांडो हातात बसता."

जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. पहिल्या फ्रेटपाशी २४ मिलिमीटर. मुलगा म्हणाला, "अहो, पण हा तर जाडा आहे!" आणि वडिलांकडे असं बघितलं की जणू त्यांनी भलत्याच पक्षाला मत दिलंय.

आता पंचाईत अशी की तो नेक दुसऱ्या मापाचा, या गिटारीच्या खोबणीत बसणारा नव्हता. आणि निर्णय तर आजच हवा होता. काउंटरवर शेजारच्यांच्या मुलीची लग्नपत्रिका पडली होती, चांगली जाड कार्डाची, लग्न होऊन गेलेली. तिच्या पट्ट्या कापल्या. पहिली रुंद, तिच्यावरची थोडी अरुंद, त्यावरची आणखी अरुंद, अशा पायऱ्या नेकच्या पाठीवर चढवत गेलो आणि वरून मास्किंग टेप ताणून गुंडाळली. कडा बोटाने दाबून गोल केल्या. मध्ये मध्ये काकांचा हात ठेवून बघायचा, कुठे टोचतं ते विचारायचं, तिथली पट्टी कमी करायची. अंगठ्याच्या बाजूला भर जास्त लागली, बोटांच्या बाजूला कमी. हे कुठल्याही कारखान्याच्या मापात मिळालं नसतं. शेवटी व्हर्निअर २३ च्या आसपास थांबला.

मग काका वाजवायला लागले. सी, ए मायनर, एफ, जी. सत्तरच्या दशकातला तो ठेका, उजवा हात जराही विसरला नव्हता. एफ आला आणि गेला, नख गुलाबीच राहिलं. दारात छत्री निथळत उभा असलेला पेटीवाला, ज्याची पेटी मी सकाळपासून हातातही घेतली नव्हती, काउंटरवर बोटांनी ठेका धरू लागला. मुलगा गप्प.

"आता ह्या काढू नको," काका म्हणाले.

तोवर करंगळी राहिलीच होती. तिचं शेवटचं पेर वळत नाही म्हणजे लांबच्या फ्रेटवर ती आडवी पडते आणि शेजारची तार दाबून टाकते. तिथे नेकची जाडी उपयोगी नाही, अंतर कमी करायला हवं. ६२८ मिलिमीटरच्या तारांच्या गिटारीत पहिला फ्रेट एखाद मिलिमीटर जवळ येतो आणि ताणही सहा टक्क्यांनी उतरतो, म्हणून मुलाने लगेच तसली गिटार घेऊ म्हटलं. भरदार नेकच्या तसल्या गिटारी मिळतात, नाही असं नाही. पण त्यातल्या बऱ्याच महोगनीच्या जड अंगाच्या, चार किलोच्या पुढे जाणाऱ्या. ही तीन किलोचीच होती आणि काकांचा खांदाही काही फार मजबूत नाही. त्यापेक्षा मी सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला. सूर होता तोच राहिला, ताण आणखी पाचव्या हिश्श्याने कमी झाला, आणि हाताला जो पहिला फ्रेट लागतो तो ३६ वरून ३२ मिलिमीटरवर आला. तारा थोड्या लुळ्या लागतात. सोलोवाला कुरकुरेल, रिदमला चालतं.

बसण्याचीही खोड होती. गिटार उजव्या मांडीवर घेऊन काका नेक जमिनीकडे झुकू द्यायचे, म्हणजे डावा हात सूर दाबायच्या आधी वजनच उचलत होता. डाव्या पायाखाली पाट दिला, गिटार डाव्या मांडीवर घ्यायला लावली, आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा लावला म्हणजे तो खांद्यावरून सरकत नाही. नेक वर आला, मनगट सरळ झालं. हे फुकटातलं काम, पण गिऱ्हाइकाला सगळ्यात कमी पटतं ते हेच. पैसे न देता बरं वाटलं तर माणसाला फसल्यासारखं होतं.

गिटार ठेवायची ठरली. चतुर्थीपर्यंत पत्रिकेसकट वाजवा, कुठे टोचतं त्यावर पेनने खूण करा, मग बघू, असं सांगून त्यांना वाटेला लावलं आणि पेटीत डोकं घातलं.

गणपती उरकल्यावर काका आले ते खुणा केलेला नेक घेऊनच. टेप काळी पडलेली, दोन ठिकाणी निळ्या शाईचे गोल. नेकच्या पाठीचं पॉलिश खरवडून काढलं आणि फर्निचरवाल्याकडून सागाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणलं. साग तेलकट असतो, गोंद धरत नाही. प्रत्येक थर लावायच्या आधी तो थिनरने पुसायचा, मग इपॉक्सी, मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळायच्या आणि रात्रभर ठेवायचं. गोलाईवर शिकंजा बसत नाही, ट्यूब मात्र सगळीकडून सारखी आवळते. ट्रस रॉड नेकच्या आत, फ्रेटबोर्डाखाली असतो, त्याला मागच्या भरीचा त्रास नाही. उलट भर घातलेला नेक पावसाला जरा दाद देत नाही. मग कानस, मग पॉलिश पेपर, आणि मधूनमधून काकांचा हात. चकाकी मुद्दाम आणली नाही. आमच्या दमट हवेत चकचकीत लाखेवर तळवा चिकटतो आणि सरकवायला उगाच जोर लागतो. नुसतं तेल पुसलं. ज्यांना नेक जाड करायचा नाही पण चिकटपणा नको असतो, त्यांच्या नेकची पाठ मी भांडी घासायच्या हिरव्या घासणीने हलकेच घासून चकाकी घालवून देतो, तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

सांधा बरा झाला, असं मी म्हणणार नाही. तो काही लाकडाने बरा होत नाही. काका डॉक्टरांनी दिलेला अंगठ्याचा पट्टा दिवसा वापरतात, वीसेक मिनिटं वाजवून थांबतात आणि चहाचा पेला दुसऱ्या दिवशी नीट धरतात.

ही बातमी गेली वेंगुर्ल्याला, चर्चच्या कॉयरमध्ये गिटार वाजवणाऱ्या एका निवृत्त बाईंपर्यंत. त्या आल्या त्या सागाची पाठ लावून घ्यायला. त्यांची बोटं रात्री मुंग्या येऊन बधिर व्हायची. हात लहानसा, बोटं आखूड. भिंतीवरचा तोच २४ चा नेक हातात दिला तर मनगट आत वळवल्याशिवाय त्यांची बोटं जाड तारांपर्यंत पोचेनात, आणि मनगट वळलं की मुंग्या सुरू. पातळ नेकवर मनगट सरळ राहत होतं. त्यांनी तरीही हट्ट धरला, काकांचं केलं मग माझं का नाही. शेवटी त्यांनाही डोळे मिटायला लावले आणि एकेक नेक देत गेलो. दोनदा फिरवून दिले, दोन्ही वेळा त्यांनी पातळच उचलला. त्यांचा नट उतरवला, आठच्या तारा लावल्या, पायाखाली पाट घ्यायला सांगितलं, मुंग्यांसाठी हाताच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं. बिल तारांचं आणि नटचं. त्या थोड्या नाराजच गेल्या.