एकाच गाडीचं फीड, दोन शेड

एकाच हॅचरीची ब्रॉयलर कोंबडीची पिल्लं, एकाच दिवशी टाकलेली, एकाच गाडीतून उतरलेलं फीड आणि दोन शेडच्या मधे फक्त एक ओढा. एकीकडचे पक्षी २८ व्या दिवशी सव्वा किलोच्या पुढे, दुसरीकडचे हजार-अकराशे ग्रॅमवर अडकलेले. पिल्लं आणि फीड पुरवणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरने लगेच निकाल देऊन टाकला, फीड तेच, पिल्लं तीच, म्हणजे मॅनेजमेंट खराब. ऐकायला हे इतकं बिनतोड वाटतं की त्यातली खोट समजावताना माझी अजूनही दमछाक होते, म्हणून लिहून काढतोय.

ऑगस्ट २०२१, सिन्नर तालुका. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं आणि केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम (जनुकबदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयातीला परवानगी दिली तोच महिना. ब्रॉयलरच्या खाद्यात मक्याखालोखाल सोयापेंडच असते, त्यामुळे जिकडेतिकडे फॉर्म्युल्यातली सोया कापायचं काम चालू होतं.

सोया कापली म्हणून मी कुणाला नावं ठेवणार नाही, नीट कापली तर ती कमाल गोष्ट आहे. पक्ष्याला शेवटी लागतात अमिनो ॲसिड्स, प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक. मका-सोयाच्या खाद्यात सगळ्यात आधी मिथिओनिन कमी पडतं, कारण पिसांना सल्फर लागतो, मग लायसिन, मग थ्रिओनिन, त्यानंतर व्हॅलिन. ही वेगळी पावडर स्वरूपात मिळतात, टनाला मोजके किलो टाकली की पेंड बरीच खाली आणता येते. जास्तीचं प्रोटीन पक्षी युरिक ॲसिड करून बाहेर फेकतो, त्यापायी पाणी जास्त पितो, शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं होतं, अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात. खाद्यातलं प्रोटीन एक टक्क्याने उतरवून अमिनोंचा तोल सांभाळला तर विष्ठेतला नायट्रोजन साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतो. असे फॉर्म्युले मी स्वतः बसवलेत, त्यांवर पक्षी कोरड्या तुसावर वाढलेले बघितलेत, आणि त्याचा मला अभिमान आहे. अट एकच, साखळीतली सगळी अमिनो पूर्ण करायची, फक्त पहिली दोन नाही.

वजन अडकलेलं शेड एका बाईंचं, नवऱ्यामागे त्याच बघतात सगळं. आत गेलो तर पक्षी ज्यातून पाणी पितात त्या निप्पलच्या लाइनखाली तूस चिखलासारखं, दाबला तर हातात गोळा होत होता. लाइन एवढी खाली होती की पक्षी मान वाकवून पीत होते आणि अर्धं पाणी खाली सांडत होतं. शिटेत मक्याचे न पचलेले पिवळे कण, मधे मधे नारिंगी चिकट शेम. चार पक्षी फाडले. ड्युओडेनमवर, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागावर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पांढऱ्या रेघा, म्हणजे आयमेरिया ॲसर्व्हुलिना, कॉक्सिडिओसिसचा (कॉक्सीचा) परजीवी, खरवडून मायक्रोस्कोपखाली धरलं तर त्याची अंड्यांसारखी ऊसिस्टच ऊसिस्ट. आतड्याची भिंत पातळ, आत फेसाळ पाणी. मर मात्र जवळजवळ नाही. कॉक्सी या रूपात असली की फसवते, पक्षी मरत नाहीत, नुसते खातात आणि वाढत नाहीत.

टाकीजवळ टॉनिकचे रिकामे कॅन होते, लायसिन-मिथिओनिनवालं लिव्हर टॉनिक. बाई म्हणाल्या, "मेडिकलवाल्याने सांगितलं अमिनो ॲसिड द्या, वजन येईल. वरच्या बाजूच्या सगळ्यांनी दिलंय."

"ताई, ते आजच बंद करा."

"अहो डॉक्टर, बंद केलं तर अजून बसतील ना पक्षी?"

पावडरीतलं किंवा टॉनिकमधलं अमिनो ॲसिड सुटं असतं, ते पचवावं लागत नाही, आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच झटकन शोषलं जातं. पेंडीतलं प्रोटीन आधी ट्रिप्सिनसारख्या पाचक रसाने तोडावं लागतं, त्याचे छोटे तुकडे होत होत ते खालपर्यंत शोषलं जातं. रक्तात लायसिन भरपूर पोचलं आणि जोडीची बाकीची अमिनो पोचलीच नाहीत तर मांस बनत नाही, आणि अमिनो ॲसिड साठवून ठेवायची सोय शरीरात नाही. मग ते जाळलं जातं, त्याचा नायट्रोजन युरिक ॲसिड होऊन परत त्याच तुसावर. वर लायसिन फार झालं की मूत्रपिंडात आर्जिनिन जास्त तुटतं, आणि कोंबडीला आर्जिनिन स्वतः बनवता येत नाही, सगळं खाद्यातूनच यावं लागतं. म्हणजे बाई पदरचे पैसे घालून जे पाजत होत्या त्याची कमतरता मुळात नव्हतीच. असली टॉनिकं गोठ्यात-शेडमध्ये बेधडक खपवणाऱ्यांबद्दल मला आता काही चांगलं बोलवत नाही.

कमी काय असेल याचा अंदाज मला आतडं बघूनच आला होता. आतड्याच्या आतल्या बाजूला म्युकसचा, म्हणजे शेमेचा, थर असतो, त्यातल्या म्युसिन प्रोटीनमध्ये थ्रिओनिन ठासून भरलेलं असतं. हा थर सतत झिजतो, विष्ठेतून जातो, आणि त्यातलं थ्रिओनिन फारसं परत शोषलं जात नाही. आतडं धड असेल तेव्हाही थ्रिओनिनचा मोठा वाटा तिथेच खर्च होतो. कॉक्सी झाली की पक्षी जास्त म्युकस सोडतो, ती नारिंगी शेम तीच, म्हणजे छातीच्या मांसाला जायचं थ्रिओनिन आतड्याच्या डागडुजीत संपतं. तिथेही पुरलं नाही तर व्हिलाय, म्हणजे आतड्याच्या भिंतीवरची बोटांसारखी टोकं, आखूड राहतात, शोषायची जागाच घटते, मग मका पिवळाच्या पिवळा बाहेर.

दोन्ही शेडमधून फीडचे नमुने घेतले, एकाच लॉटचे, आणि पुण्याच्या लॅबला अमिनो प्रोफाइलसाठी पाठवले. साधी प्रोटीन टेस्ट इथे काही कामाची नाही, ती नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते, त्यात युरिया घातला तरी आकडा वर जातो. शेडवर मी निप्पल वर घ्यायला लावले, रेग्युलेटरचं प्रेशर उतरवलं, ओलं तूस काढून चुना मिसळून नवीन टाकायला सांगितलं, पाण्यातून कॉक्सीचं औषध टोल्ट्राझुरिल दोन दिवस. सुपरवायझरला म्हटलं, उरलेल्या फिनिशरला (शेवटच्या टप्प्यातल्या फीडला) टनाला एक किलो थ्रिओनिन वरून मिसळून द्या. तो म्हणाला वरून ऑर्डर नाही. पोरगा वाईट नाही, बाइकवर दिवसाला डझनभर शेड फिरतो, पण त्याला वजन आणि मर लिहून घेण्यापलीकडे कुणी काही शिकवलेलंच नाही.

रिपोर्ट आला तोवर लिफ्टिंग होऊन गेलं होतं, पक्षी विक्रीला उचलले गेले होते. दोन्ही नमुने सारखे. प्रोटीन ठीक, मिथिओनिन ठीक, लायसिन चांगलंच, आणि थ्रिओनिन लायसिनच्या ५५ टक्क्यांच्या आसपास. पचणाऱ्या अमिनोंच्या हिशोबात ते ६५ च्या पुढे असावं असं धरतात. थ्रिओनिन बहुतेक चीनमधून येतं, त्या वर्षी जहाजांची भाडी भडकली होती, कुणीतरी कॉम्प्युटरवर सोया कापताना लायसिन चढवलं आणि थ्रिओनिनचा आकडा ढिला सोडला असणार.

कंपनीच्या न्यूट्रिशनिस्टशी फोनवर बोललो. माणूस हुशार, त्याने आकडे नाकारले नाहीत. तो म्हणाला, "त्याच फीडवर पलीकडच्या शेडने वजन दिलं ना? मग?" बाईंनी निप्पल वेळेत वर घेतले असते तर त्यांनाही बहुतेक वजन मिळालं असतं, हे मी त्याला कबूल केलं. पण ऑगस्टमध्ये इगतपुरी-सिन्नर पट्ट्यात तूस कोरडं राहील हे धरून फीड बनवणारा माणूस शेडमध्ये कधी उभा राहिलेला नसतो. कोरड्या शेडमध्ये हे फीड काठावर पास होतं, ओल्यात नापास. पूर्वीच्या, जास्त सोयाच्या फीडमध्ये ही ओल झाकली जायची, बाईंच्या आधीच्या बॅचेस त्याच निप्पलवर चांगल्या निघाल्या होत्या. सोया कापून वाचलेले पैसे कंपनीच्या खात्यात गेले आणि कापल्यामुळे वाढलेली जोखीम न सांगता शेतकऱ्याकडे सरकली. एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेलं फीड) बिघडला म्हणून ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवायचा मोबदला, कापला गेला तो बाईंचा.

त्यावर त्याने विचारलं, मग किती कापायचा होता, निप्पलचा किती आणि थ्रिओनिनचा किती? ते वेगळं काढायला एकाच शेडमध्ये दोन फीड चालवून बघावी लागतील, तिसरी ओळ टॉनिकची. मी त्याला तेच म्हटलं, पुढच्या पावसाळ्यात मांडू, शेड मी देतो, फीड तुम्ही द्या. विचार करून कळवतो म्हणाला. अजून फोन नाही. तोवर माझ्याकडच्या सगळ्या शेतकऱ्यांना प्रत्येक लॉटचं किलोभर फीड पिशवीत बंद करून, वर लॉट नंबर लिहून, बॅचचा हिशोब होईपर्यंत जपून ठेवायला सांगतोय.